पहिलं मॉडेल किट: तीन महिन्यांचा हिशोब

कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर चार वर्षं एक खोकं पडून होतं. दादाने वाढदिवसाला दिलेलं, भाग जोडून बनवायचं स्पिटफायर विमानाचं किट, १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. दर वेळी कपाट आवरताना ते खाली यायचं, मी झाकणावरचं चित्र बघायची आणि पुन्हा वर ठेवून द्यायची. वेळ नाही असं सगळ्यांना सांगायची. खरं कारण म्हणजे, ते उघडल्यावर पुढे काय काय लागतं याचा मला पत्ता नव्हता आणि कुणाला विचारायची लाज वाटत होती.

या वर्षी ६ जानेवारीला ते खाली आलं ते परत वर गेलं नाही. १३ एप्रिलला विमान चाकांवर उभं राहिलं. मधल्या काळात एका वहीत तारखा आणि खर्च टिपत गेले, त्यावरून हे लिहितेय. किमती मात्र पैशांत देत नाही. त्या दुकानागणिक बदलतात. किटची किंमत एक धरायची आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजायचं, म्हणजे कुठेही बसून वाचलं तरी अंदाज येईल.

पहिल्या संध्याकाळी फक्त खोकं उघडलं. आत राखाडी प्लास्टिकच्या तीन जाळ्या, एक छोटी पारदर्शक जाळी, डिकलचा, म्हणजे विमानावर उतरवायच्या चिन्हांचा कागद आणि घड्या घातलेलं सूचनापत्रक. या जाळ्यांना सगळे स्प्रू म्हणतात. गरम प्लास्टिक साच्यात दाबून भरतात तेव्हा ते ज्या वाटांनी भागांपर्यंत पोचतं, त्या वाटाच या जाळीच्या रूपात शिल्लक राहतात. प्रत्येक भागाशेजारी बारीक आकडा असतो. पत्रकातला आकडा बघायचा, जाळीतला भाग शोधायचा. हे कळल्यावरच माझी निम्मी भीती गेली. त्या दिवशी एकही भाग कापला नाही, आणि तेवढं एक मी आपणहून बरोबर केलं. भाग आधीच सुटे करून ठेवले की आकडे जातात आणि मग सारख्या दिसणाऱ्या आठ तुकड्यांतलं डावं कोणतं नि उजवं कोणतं, यावर संध्याकाळ जाते.

बरोबर केलेलं तिथेच संपलं. इंटरनेटवर ‘नवशिक्यांसाठी हत्यारं’ शोधलं तर चाळीस-चाळीस वस्तूंच्या याद्या निघाल्या. घाबरून मी चोवीस नगांचा एक तयार सेट मागवला. खर्च पाऊण किट. ९ तारखेला मागवला, १३ ला आला. दिसायला झकास: झिपवाली पेटी, कानशी, चिमटे, छोटा हातोडा, हाताने फिरवायचं ड्रिल, कटर आणि निपर, म्हणजे जाळीतून भाग कापायची छोटी पक्कड. हातोडा कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

त्या निपरने पहिला भाग कापला, विमानाच्या शेपटीचा आडवा पंख. कट्ट आवाज झाला आणि कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा निघून आला. उरलेल्या जागी प्लास्टिक पांढरं पडलेलं.

आमच्या शेजारी एक काका आहेत, निवृत्त, बरीच वर्षं मॉडेलं करतात. त्यांच्याकडे तो पंख घेऊन गेले.

“काका, हे प्लास्टिकच भुसभुशीत आहे का हो?”

त्यांनी पंख बाजूला ठेवला आणि निपर मागितला. तो मिटून दिव्यासमोर धरला. दोन पात्यांमधून उजेडाची रेघ स्वच्छ दिसत होती.

“प्लास्टिक चांगलं आहे गं. हा निपर कापत नाही, चावतो.”

मग त्यांनी स्वतःचा निपर दिला आणि एक भाग माझ्याकडूनच कापून घेतला. निपरच्या पात्यांची एक बाजू सपाट असते, ती भागाकडे ठेवायची. कापायचं मात्र दोनदा. पहिल्यांदा भागापासून चांगलं दोन-तीन मिलिमीटर लांब, म्हणजे भाग जाळीच्या ओढीतून मोकळा होतो. मग उरलेला खुंट जवळून, तोही अर्धा मिलिमीटर राखून. राहिलेलं कटरने आणि पॉलिशपेपरने. एकदम भागाला चिकटून कापलं की जाळीचा सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो, प्लास्टिक पांढरं पडतं नाहीतर ढलपी निघते. माझ्या पंखाची गोष्ट तीच होती.

“आणि एक ऐक,” निघताना काका म्हणाले, “याद्या बघून खरेदी करू नकोस. पत्रकातली पुढची पायरी बघ, तिला काय लागतं तेवढंच आण.”

त्यानंतर मी तसंच केलं. प्लास्टिक मॉडेलसाठीच बनवलेला, पातळ पात्यांचा निपर घेतला. एक किट गेलं त्यात. पहिल्यांदा जड वाटलं, पण पुढच्या तीन महिन्यांत रोज हातात होता तो. त्याने तार, खिळा, स्टेपल काहीही कापू नका आणि घरातल्या कुणालाही देऊ नका. धातू एकदा कापला की पात्याला दाता पडतो.

कटर आणि सुट्या पात्यांचं पाकीट मिळून पाव किट. मॉडेलवाले वापरतात ते ११ नंबरचं पातं: टोकदार आणि तिरकं. मी सुरुवातीला एकच पातं आठवडाभर वापरलं, काटकसर म्हणून. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरतं. २२ जानेवारीला ते डाव्या तर्जनीत घुसलं. आता धार गेलीशी वाटली की पातं बदलते. मोडून टाकायच्या पात्यांचा जो नेहमीचा कटर असतो, तोही चालतो. ती युक्ती १९५६ साली जपानमध्ये निघाली. योशिओ ओकादा यांना चॉकलेटच्या वडीवरच्या खाचांवरून ती सुचली, आणि त्यांच्या ओल्फा या कंपनीचं नावसुद्धा ‘मोडायचं पातं’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांवरून आलंय. आणखी एक: गोल दांड्याचा कटर टेबलावरून घरंगळतो. घरंगळला तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या. मी दांड्याला रबरबँडचे वेढे दिलेत, आता तो जागचा हलत नाही.

कटिंग मॅटला अर्धं किट. जाड पुठ्ठ्यावरही काम भागलं असतं, पण टेबल माझं एकटीचं नव्हतं.

१८ जानेवारीला सगळे स्प्रू कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतले आणि रात्रभर वाळवले. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य कधीकधी भागांवर राहतं आणि मग रंग धरत नाही. यात खर्च शून्य. बेसिनच्या तोंडाला जाळी ठेवा म्हणजे झालं.

आता गोंद. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण मी सगळ्यात जास्त चुकले ते इथे.

मॉडेलचा गोंद म्हणजे चिकटवणारा गोंद नव्हे. त्याला सिमेंट म्हणतात आणि तो पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिकच, विरघळवतो. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रावण उडून जातं आणि उरतो तो एकजीव सांधा. म्हणून रंगवलेल्या कडांवर तो नीट धरत नाही. जोडायच्या जागेवरचा रंग आधी खरवडावा लागतो. धातूच्या भागांना तर त्याचा काहीच उपयोग नाही. तो दोन प्रकारचा मिळतो. दाट सिमेंट लावून मग भाग जुळवायचे, हलवायला थोडा वेळ मिळतो. पातळ सिमेंटचं उलटं: भाग आधी जुळवून धरायचे आणि झाकणातल्या ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. ते पाण्यासारखं द्रव सांध्यात आपोआप ओढलं जातं, डोळ्यांदेखत रेघ धावत जाते. पाव किटाची ती बाटली, आणि माझ्या सगळ्या खरेदीत सगळ्यात लाडकी.

२५ जानेवारीला पंखाचा वरचा आणि खालचा भाग जुळवून धरला. डावा अंगठा नेमका सांध्यावर. ब्रश टेकवला, द्रव धावलं, आणि ते माझ्या अंगठ्याखालीही धावलं. मला कळलंच नाही. मिनिटभराने अंगठा उचलला तर पंखावर त्याचा ठसा. अंदाजे ठसा नव्हे, सगळी वळणं, सगळ्या रेषा, लहानपणी कापलेली तिरकी खूणसुद्धा. सरकारी कागदावरही माझा अंगठा कधी इतका स्वच्छ उमटला नव्हता. घाबरून मी तो टिश्यू पेपरने पुसला. मऊ झालेलं प्लास्टिक आणखी पसरलं आणि त्यात टिश्यूचे तंतू अडकून बसले.

काकांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “हात लावू नकोस. उद्यापर्यंत बघूसुद्धा नकोस.”

प्लास्टिक पुन्हा कडक होईपर्यंत थांबायचं, मग घासायचं. दुसऱ्या दिवशी रात्री ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात केली, मग ८००, मग १०००. पेपर पाण्यात बुडवून घासला की धूळ उडत नाही आणि पेपर तुंबत नाही. ठसा गेला, त्याच्याबरोबर पंखावरची पत्र्याच्या जोडाची एक कोरीव रेघही गेली. ती परत कोरायला वेगळं हत्यार मिळतं. मी नाही घेतलं. उजव्या पंखावर एक रेघ कमी आहे, असू दे.

यावरून दोन सवयी लागल्या. सांधा धरायला बोटं नकोत: मास्किंग टेपचे तुकडे, रबरबँड, कपड्यांचे चिमटे, काहीही चालतं, फक्त टेप सांध्यावरून जात असेल तिथे सिमेंट टेकवायचं नाही, ते टेपखालीही शिरतं. आणि बाटली. ती अरुंद आणि हलकी असते, कोपर लागलं की आडवी. स्पंजच्या जाड तुकड्यात तिच्या आकाराचं भोक पाडून त्यात बसवली. खिडकी उघडी ठेवायची, हे वेगळं सांगायला नको. वाफेने माझं डोकं पहिल्याच दिवशी चढलं होतं.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा कॉकपिटमध्ये गेला. धडाचे दोन अर्धे जोडायच्या आधी आतलं सगळं रंगवावं लागतं, नंतर ब्रश पोचत नाही. चिमटा इथे कामाला आला, तोही त्या चोवीस नगांतलाच. म्हणजे ते पाऊण किट अगदीच पाण्यात गेलं नाही. प्रत्येक भाग आधी कोरडा जुळवून बघायचा, मगच गोंद. धड जोडल्यावर पोटाखाली केसभर फट राहिली. तिच्यात पुट्टी भरता येते, पण काकांनी फुकटचा उपाय सांगितला: स्प्रूचे बारीक तुकडे थोड्या पातळ सिमेंटमध्ये टाकून ठेवायचे, दोन दिवसांत त्याची लापशी होते. ती फटीत भरली, तीन दिवस वाळू दिली, घासली. त्याच जातीचं प्लास्टिक असल्याने सांधा दिसेनासा झाला.

१४ फेब्रुवारीला पिटो नळी हरवली. पंखाखाली असते ती, वाऱ्याचा दाब मोजायची. या स्केलला ती पेन्सिलच्या शिशापेक्षाही बारीक. चिमट्यात जरा जास्त दाबली आणि टिंग! पडल्याचा आवाजही आला नाही. दिवे घालवून, टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड पाडला. अशाने बारीक वस्तूची लांब सावली पडते. दोन बटणं आणि एक कानातलं सापडलं. नळी नाही. (आता बारीक भाग मी पारदर्शक पिशवीत हात घालून कापते. उडाला तर पिशवीतच राहतो.)

सुटे भाग मिळण्यासाठी कंपनीचा फॉर्म असतो, तो भरला. किटचा क्रमांक, भागाचा क्रमांक, खोक्याच्या बाजूचा कोड, खरेदीची तारीख, कारण. ‘कारण’ या रकान्यात ‘भाग खोक्यात नव्हता’, ‘भाग मोडका होता’ आणि ‘इतर’ एवढेच पर्याय. मी प्रामाणिकपणे ‘इतर’ निवडून ‘उडाला’ असं लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर: खरेदीची पावती जोडावी. चार वर्षांपूर्वीच्या भेटवस्तूची पावती! दादाला फोन केला.

“अरे, त्या विमानाची पावती आहे का तुझ्याकडे?”

“तू ते उघडलंस?” एवढंच तो तीनदा म्हणाला.

पावती अर्थातच नव्हती. भेटीचं किट असल्याचं कळवलं, खोक्याचा फोटो जोडला आणि नळी स्वतःच केली. स्प्रूचा सरळ दांडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर, ज्योतीत नव्हे, धरून फिरवायचा. मध्यभागी तो चकाकू लागतो आणि वाकतो. मग ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढायची. मधे केसासारखी तार तयार होते. हळू ओढलं तर जाड, झटक्यात ओढलं तर दोरा. सहाव्या प्रयत्नात हवी ती जाडी मिळाली. पाण्याची वाटी शेजारी असू द्या.

मग आला प्राइमर, म्हणजे रंगाखाली द्यायचा पहिला थर, आणि त्याबरोबर सगळ्यात लांबलेली वाट. स्प्रेचा डबा २० फेब्रुवारीला मागवला. दाबाखालचा आणि ज्वलनशील माल असल्याने तो विमानाने येत नाही, रस्त्याने येतो. पंधरा दिवस लागले. विमानाचा प्राइमर विमानात बसू शकत नाही, यावर घरात बरेच विनोद झाले. तुमच्या जवळपास मिळत नसेल तर पहिला भाग कापाल त्याच दिवशी मागवून ठेवा. काकांचा ‘पुढच्या पायरीपुरतं’ हा नियम फक्त इथे मोडा. अर्धं किट.

डबा दोन मिनिटं हलवायचा, वीसेक सेंटिमीटरवरून फवारायचं, फवारा विमानाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला थर इतका विरळ की खालचं प्लास्टिक दिसलं पाहिजे. मोकळ्या हवेत करा आणि मास्क रसायनांच्या वाफेसाठीचा हवा. धुळीचा साधा मास्क वाफ अडवत नाही. हवा दमट असेल तर त्या दिवशी डब्याला हातच लावू नका, थर धुरकट होऊन बसतो. ७ मार्चला प्राइमर बसला आणि घासताना न दिसलेले सगळे ओरखडे वर आले. प्राइमर त्यासाठीही असतो म्हणे. पुन्हा १००० नंबर, पुन्हा थर. चार दिवस त्यात गेले.

रंग ॲक्रिलिक घेतले, ब्रश पाण्याने धुता येतात म्हणून. पाच रंग पाऊण किट, तीन ब्रश पाव किट. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं हत्यार, घ्यायचा मोह झाला होता, पण त्याला कॉम्प्रेसर लागतो आणि त्याची किंमत किटांत मोजल्यावर मोह ओसरला. १९४० च्या उन्हाळ्यातल्या स्पिटफायरला वरून गडद मातकट आणि गडद हिरवे पट्टे, खालून ‘स्काय’ नावाचा फिका हिरवट रंग. ब्रशने रंगवायचं तर रंग दुधाइतका पातळ हवा आणि दोन-तीन थर हवेत. पहिला थर इतका भिकार दिसतो की आपण सगळं घालवलं असं वाटतं. तसंच सोडायचं. अर्धवट वाळलेल्या जागेवर पुन्हा ब्रश फिरवला की खालचा रंग उचलला जातो. हे मला सांगितलं होतं, तरी मी फिरवलाच.

काचेची छत्री, म्हणजे कॅनपी, पांढऱ्या गोंदाने बसवली. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुरकट साय येते आणि पातळ सिमेंटचा एक ओघळ काच कायमची घालवतो.

३० मार्चला डिकल. त्याआधी चकचकीत वार्निश मारायचं; खडबडीत मॅट रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. प्रत्येक चिन्ह वेगळं कापायचं, कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचं, काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवायचं. ते कागदावरून आपणहून सरकायला लागलं की ओल्या ब्रशने विमानावर ढकलायचं. मग डिकल मऊ करणारं द्रावण. दोन बाटल्या मिळतात, एक खाली लावायची आणि एक वरून. दोन्ही मिळून अर्धं किट. वरचं लावल्यावर डिकल सुरकुततं. चांगलंच सुरकुततं. माझा हात पुढे गेला, पण अंगठ्याचा ठसा आठवला आणि मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. वीस मिनिटांत ते ताणून सपाट झालं, खालच्या रेघाही त्यातून दिसायला लागल्या.

शेवटचं मॅट वार्निश १२ एप्रिलला. चकचकीत आणि मॅट मिळून अर्धं किट. दुसऱ्या दिवशी चाकं, पंखा आणि माझी ती पिटो नळी. पंखा फिरत नाही, त्याच्या दांड्यात सिमेंट गेलंय. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, माझ्याकडचं साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास भरतं.

वहीतली बेरीज: मूळ किट सोडून सव्वापाच किट आणि वर पॉलिशपेपरची चिल्लर. पुन्हा सुरुवात करायची झाली तर निपर, कटर, पातळ सिमेंट, तीन नंबरचे पॉलिशपेपर आणि एक चांगला चिमटा एवढ्यावर बसेन. रंगांचं रंगांच्या वेळी. तो चोवीस नगांचा सेट कुणाला हवा असल्यास कळवा, हातोडा कोरा आहे.

काकांनी विमान हातात न घेता, वाकून सगळीकडून बघितलं. उजव्या पंखापाशी जरा थांबले. “नळी थोडी जाड झालीये,” म्हणाले.

२ मेला सुटे भागवाल्यांचं पत्र आलं. माझा अर्ज स्वीकारलाय. फक्त खोक्याच्या फोटोत कोड नीट दिसत नाही, तेवढा पुन्हा पाठवावा. खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. आज स्टूल घेऊन काढते.